वारे गेले, म्हणे!

'अंगावरून वारे गेले' हा वाक्प्रयोग मराठीतून कायमचा हद्दपार करावा, अशी माझी मागणी आहे. भाषेवर प्रेम करणाऱ्या अंकात, आणि तोही सीमाभागातला, एक अस्सल मराठी वाक्प्रयोग मारून टाका असे म्हणणे उद्धटपणाचे वाटेल, याची मला कल्पना आहे. परभाषांच्या आक्रमणावर अशा अंकांतून दरवर्षी लेख येतात. मीही पूर्वी एक लिहिला आहे. पण यंदाच्या भाद्रपदात वासण्याच्या आमच्या सोसायटीत जे पाहिले, त्यानंतर हा वाक्प्रयोग माणसे मारतो, मारत नसेल तर लुळी करतो, असे माझे मत झाले आहे. ते मी मागे घेणार नाही.

वासणा म्हणजे बडोद्याच्या पश्चिमेचा भाग. एकेकाळचे गाव, आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोसायट्याच सोसायट्या. दांडिया बाजार, बाबाजीपुरा, वाडी इथल्या जुन्या घरांच्या वाटण्या झाल्यावर आमच्यासारखी काही मराठी कुटुंबे विश्वामित्री ओलांडून इकडे आली. आमच्या शेजारचे नाना (हे त्यांचे खरे नाव नव्हे) त्यांतलेच. बँकेतून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षे काउंटरवर गुजराती, घरी मराठी, सून गुजराती म्हणून तिच्याशी दोन्हींची खिचडी.

त्या दिवशी सकाळी सव्वापाचला नानांनी नेहमीप्रमाणे दारातली दुधाची पिशवी आत आणली. काकूंनी ते पाहिले. सहाच्या सुमारास देवाला फूल वाहताना ते उजव्या हातातून गळून पडले. उचलले, पुन्हा पडले. काकूंनी विचारले, काय होतंय? नाना काहीतरी बोलले, ते कळले नाही. तोंडात तपकीर असेल, असे काकूंना वाटले.

पुढचे चार तास मुद्दाम सविस्तर देतो, कारण असे चार तास आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी होऊन गेले आहेत. आधी नानांना पलंगावर निजवले. पित्त चढले असेल म्हणून चहा दिला. चहा ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून खाली ओघळला. सुनेने तो पुसला. ओव्याची फक्की दिली, तिचा जोराचा ठसका लागला. मुलाला व्हॉट्सॲपवर आलेला दहाही बोटांना सुई टोचायचा उपाय आठवला. सुई सापडली नाही, हे नशीब. सातला शेजारी जमले, त्यांत मीही होतो. मी काय केले? मी म्हणालो, "डॉक्टर नऊला येतात, तोवर पडू द्या जरा." लिहायला लाज वाटते आहे, म्हणूनच लिहितो. मग समोरच्या आजींनी आत येऊन पाहिले आणि निदान केले, "अगं, वारं गेलंय अंगावरून."

एवढे शब्द उच्चारले गेले आणि घरातली घाई संपली. मी हे डोळ्यांनी पाहिले. तोवर सगळे धावत होते. आता सगळे बसले. वारे गेले म्हणजे गेले. जे येऊन गेले, त्याच्या मागे कशाला धावायचे? गॅसवर तेल कोमट करायला ठेवले गेले. नात्यातल्या एका गृहस्थांनी फोनवरून कळवले की अमुक खेड्यात कबुतराच्या रक्ताने मालिश करणारा माणूस आहे, हमखास गुण येतो.

साडेनऊला डॉक्टर आले, त्यांनी एका नजरेत ओळखले आणि "आत्ताच्या आत्ता घेऊन जा" म्हणाले. पावणेदहाला आम्ही मेडिक्लेमचे कार्ड शोधत होतो. ही पावणेदहाची वेळ ध्यानात ठेवा. मग मुलाने जवळचा म्हणून जो दवाखाना गाठला, तेथे स्ट्रेचर होते, केसपेपर होता, सलाईन होते. मेंदूचा फोटो काढायचे यंत्र नव्हते. ते नाही हे सांगायला तिथल्या लोकांनी पाऊण तास घेतला. दुसऱ्या रुग्णालयात पोचलो तेव्हा साडेअकरा. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "यांना शेवटचे धडधाकट कोणी आणि किती वाजता पाहिले?" चौघांनी चार वेळा सांगितल्या. दुधाच्या पिशवीची आठवण काकूंना दुपारी झाली.

आता त्या वाऱ्याकडे वळतो. आयुर्वेदाने या व्याधीला वातव्याधींत घातले, त्याला पक्षाघात म्हटले. अर्धांगवायू शब्दातही वायूच. कानडीत तो पार्श्ववायू. त्या काळी कवटीच्या आत काय चालते हे पाहण्याचे साधन जगात कोणाकडेच नव्हते, तेव्हा प्राचीनांना मी दोष देत नाही. दोष आपला आहे. हृदयाच्या बाबतीत आपण कसे वागतो पाहा. तीस-चाळीस वर्षांपूर्वी 'अटॅक' हा शब्द आपल्या घरांत शिरला. शुद्ध मराठीचा अभिमानी माणूससुद्धा छातीत कळ आली की "अटॅक आला" असेच ओरडतो आणि पाच मिनिटांत रिक्षा दारात येते. अटॅकच्या रोग्याला कोणी तेल चोळत बसत नाही. त्या परक्या शब्दात घाई आहे, आपल्या 'वारे गेले' मध्ये घाई नाही. 'लकवा मारला' यातही नाही, आणि गुजरातीतल्या 'लकवो' मध्येही नाही. म्हणून मी 'मेंदूचा अटॅक' असे म्हणायला लागलो आहे. भाषाशुद्धीवाल्यांनी 'मेंदूचा झटका' म्हणावे, माझी तक्रार नाही.

कारण हा वारा नव्हे, हे प्लंबिंगचे काम आहे. दहांतल्या बहुतेक रोग्यांत मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. उरलेल्यांत वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. मेंदूचे वजन शरीराच्या शेकडा दोन, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी शेकडा वीस तो एकटा खातो आणि स्वतःजवळ साठा काही ठेवत नाही. रोज हातावर पोट. त्याच्या दर १०० ग्रॅमला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त लागते. हा आकडा १९४०च्या दशकात अमेरिकेत केटी आणि श्मिट या दोघांनी माणसांना नायट्रस ऑक्साइड हुंगायला देऊन प्रथम नीट मोजला. पुढे १९७०च्या दशकात ॲस्ट्रुप, सायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याहून मोठी गोष्ट दाखवली. प्रवाह २० च्या खाली गेला की मेंदूच्या पेशी काम थांबवतात. मरतात मात्र तो १० च्या आसपास किंवा खाली गेला तर. मधल्या पट्ट्यातली पेशी गप्प असते, पण जिवंत असते. या पट्ट्याला त्यांनी नाव दिले तेही ग्रहणातून उचललेले, उपच्छाया. गाभ्यात खग्रास काळोख, भोवती धूसर कडा. रक्त परत आले तर ती कडा उजळते. नाही आले तर काळोख कडेकडेने पसरत जातो.

याचा अर्थ असा, की साडेसहाला नाना मुके झाले होते तेव्हा त्यांच्या वाणीचा मेंदू बराचसा मेलेला नव्हता. तो गप्प होता. आम्ही ग्रहणाचे वेध मिनिटामिनिटाने पाळणारी माणसे त्या वेळी ओवा शोधत होतो.

मिनिटांचा हिशेबही झालेला आहे. जेफ्री सेव्हर या अमेरिकन डॉक्टरने २००६ साली मांडले की मोठी वाहिनी तुंबल्यावर उपचार न झालेला मेंदू दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी गमावतो. २०११च्या जनगणनेत बडोदे शहराची वस्ती १७ लाखांच्या आत होती. म्हणजे मिनिटाला एक बडोदे. ओव्याच्या फक्कीपासून मेडिक्लेमच्या कार्डापर्यंत किती बडोदी गेली याचा गुणाकार मी केला होता. येथे देत नाही.

उपाय नव्हता म्हणावे तर तसेही नाही. १९९५च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या ६२४ रोग्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. गुठळी विरघळवणारे टीपीए हे औषध तीन तासांच्या आत शिरेतून दिले, तर तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत् होण्याची शक्यता निदान शेकडा तीसने वाढते, असे त्यात दिसले. धोकाही दिसला: औषध घेतलेल्यांपैकी शेकडा ६.४ जणांना मेंदूत रक्तस्राव झाला, न घेतलेल्यांपैकी ०.६. तरीही एकंदर हिशेब औषधाच्या बाजूचा होता, म्हणून १९९६ साली तिकडे त्याला मान्यता मिळाली. २००८ साली युरोपातल्या प्रयोगाने मुदत साडेचार तासांवर नेली. सव्वापाच अधिक साडेचार तास किती? पावणेदहा.

या औषधासाठी आधी स्कॅन लागते, कारण गुठळी आणि रक्तस्राव यांतला फरक बाहेरून कोणालाही, अगदी धन्वंतरीलाही, खात्रीने सांगता येत नाही. हाउन्सफील्डच्या यंत्राने लंडनमध्ये पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र काढले ते १९७१ साली, आणि तेव्हापासून तो फरक काही मिनिटांत कळतो. म्हणूनच घरी ॲस्पिरिन चघळायला देणे, रक्तदाब उतरवायची गोळी जिभेखाली ठेवणे ही मदत नव्हे, जुगार आहे. पाणीसुद्धा देऊ नये. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात उतरते. आणि ज्या दवाखान्यात स्कॅन नाही, तेथे या रोग्याला नेणे म्हणजे वाटेत देवदर्शनाला थांबणे. रक्तस्रावाच्या रोग्यालाही घाईच हवी. तासाभरात रक्तदाब, साखर, ताप आणि रक्ताचा पातळपणा आटोक्यात आणण्याचा साधा क्रम पाळला तर ही माणसे अधिक बरी होतात, असे २०२३ साली दहा देशांतल्या मोठ्या प्रयोगात दिसले. त्या दहांत भारतही होता.

मग २०१५ आले. त्या एका वर्षात पाच प्रयोगांनी दाखवले की जांघेतून नळी घालून मेंदूतल्या मोठ्या वाहिनीतली गुठळी ओढून काढता येते आणि त्याने माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतो. नेदरलँड्समधल्या ५०० रोग्यांच्या प्रयोगात नव्वद दिवसांनी स्वावलंबी झालेले शेकडा ३२.६, नुसत्या नेहमीच्या उपचाराचे १९.१. आणि २०१८ साली आणखी पुढची बातमी आली: निवडक रोग्यांत हे चोवीस तासांपर्यंत करता येते.

येथे मला दुसरे भांडण काढायचे आहे, जाहिरातवाल्यांशी आणि बातमीवाल्यांशी. 'आता चोवीस तासांपर्यंत उपचार शक्य!' असे मोठ्या टायपात छापले जाते आणि 'निवडक' हा शब्द बारीक टायपातसुद्धा येत नाही. त्या प्रयोगात २०६ रोगी होते. ज्यांच्या मेंदूतला मेलेला गाभा लहान आणि जगलेला भाग मोठा असल्याचे खास स्कॅनवर दिसले, अशांनाच त्यात घेतले होते. आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांनी ज्यांची उपच्छाया तासन्‌तास तगवून धरली, अशी ही नशीबवान माणसे. त्यांच्यात शेकडा ४९ स्वावलंबी झाले, नळीचा उपचार न मिळालेल्यांत शेकडा १३. हा विजय खरा आहे. पण सुटलेली एस. टी. कोणी पुढच्या नाक्यावर गाठली, म्हणून आपण स्टँडवर भजी खात बसायचे का? नानांच्या मुलाने मला नंतर विचारले, "काका, चोवीस तास असतात ना? आपण तर सहा तासांत गेलो." त्याने ते कोठेतरी वाचले होते. अर्धवट ज्ञानाने त्याला निर्धास्त केले, तसे आजींना अज्ञानाने केले. फरक एवढाच, की आजींचे अज्ञान निदान फुकटचे होते.

"हे सगळे पैसेवाल्यांचे," हा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि नळीच्या उपचारापुरता तो पुष्कळसा खरा आहे. ते करणारी माणसे आणि यंत्रे मोठ्या शहरांतच आहेत, खर्चही लाखांत जातो. पण गुठळी विरघळवणारे औषध? टेनेक्टिप्लेज नावाचे त्याच कुळातले नवे औषध पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने तयार केले, आणि मेंदूच्या झटक्यासाठी त्याला भारतात २०१६ साली परवानगी मिळाली. तासभर ठिबकत ठेवावे लागत नाही, एका इंजेक्शनात काम होते. अमेरिकेत टेनेक्टिप्लेजला या कामासाठी मान्यता मिळाली ती २०२५ साली. पुण्याच्या बाकरवडीची कीर्ती बडोद्यात घरोघर आहे. या औषधाचे नाव मी सोसायटीतल्या अकरा मराठी घरांत विचारले. एकालाही माहीत नव्हते. गाडीही फुकट आहे: गुजरातेत १०८ ऑगस्ट २००७ पासून धावते, महाराष्ट्रात २०१४ पासून. आमच्या पिढीला मात्र वाटते, १०८ अपघातवाल्यांसाठी. घरच्या माणसाला घरच्या गाडीतून न्यावे.

सीमेवरच्या वाचकांना आणखी एक विचारतो. नवापूरच्या रेल्वे स्थानकात राज्यांची सीमा फलाटातूनच जाते. तेथल्या बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. लोक त्यावर बसून हौसेने फोटो काढतात. त्या बाकावर एखाद्याचा हात लुळा पडला, तर त्याला सुरतेच्या दिशेने न्यायचे की नंदुरबारच्या, हे आधी ठरवलेले आहे का? जवळचे चालू स्कॅन कोठे, रात्री कोठे, याची यादी कोणत्या मराठी मंडळाच्या भिंतीवर लावलेली आहे? २०२३ साली महाराष्ट्र सरकारने आपली जनआरोग्य योजना कर्नाटकातल्या ८६५ मराठी गावांना लागू करायचे ठरवले, तेव्हा दोन्हीकडून केवढा गदारोळ झाला! सीमाप्रश्नावर माझी मते तुमच्यासारखीच आहेत, मीही निपाणीचा भाचा आहे. पण रक्ताच्या गुठळीने महाजन अहवाल वाचलेला नसतो. कार्ड कोणत्या सरकारचे यावर आपण जेवढे बोललो, त्याच्या दशांशाने तरी साडेचार तासांत त्या गावांतून स्कॅनपर्यंत कसे पोचायचे यावर बोललो का?

आणि हे बडोद्यात घडावे, याचे मला अधिक दुःख आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला आणि संस्थानात पुस्तकांच्या फिरत्या पेट्या सुरू केल्या. वाचकाला ग्रंथालयात येता येत नाही ना, मग ग्रंथालय त्याच्याकडे जाईल, हा हिशेब. हाच हिशेब मेंदूच्या बाबतीत जर्मनीतल्या होम्बुर्गच्या डॉक्टरांनी २००८ साली केला: स्कॅनचे यंत्रच रुग्णवाहिकेत बसवले. आपल्याकडे आसामात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तशी गाडी चालवून पाहिली आणि २०२५ साली ती राज्य सरकारच्या हवाली केली. आसामात, लक्षात घ्या. ब्रह्मपुत्रेच्या पुरात जे जमते, ते विश्वामित्रीच्या काठी का जमू नये? हे मागायला कोणी मोर्चा काढलेला मी पाहिलेला नाही.

आता भाषेकडे येतो, कारण हा अंक भाषेचा आहे. नाना दुसऱ्या रुग्णालयात पडले होते तेव्हा एक तरुण निवासी डॉक्टर ठरलेली तपासणी करत होता. रोग्याला महिना विचारायचा, वय विचारायचे, हात उचलायला सांगायचे, चित्रातल्या वस्तूंची नावे विचारायची. त्यावरून गुण मांडायचे. १९८९ सालापासूनची ही जगभर मान्य तपासणी आहे, आणि चांगली आहे. त्याने विचारले, "काका, आ कयो महिनो चाले छे?" नाना त्याच्याकडे पाहत राहिले. हिंदीत विचारले, तरी तेच. मग काकूंनी मराठीत विचारले. नाना फार खटपट करून म्हणाले, "गणपती." डॉक्टरने फुली मारली. चूक त्याची नव्हती. तो कोठल्या तरी लांबच्या प्रांतातला होता, आणि कागदावर 'गणपती' नावाचा महिना नव्हता. पण आम्ही सगळे जाणत होतो की नानांनी बरोबर उत्तर दिले आहे. वाचा गेलेल्या माणसाने शब्दांच्या ढिगाऱ्यातून तेवढाच एक शब्द हुडकून वर काढला होता.

दोन भाषा बोलणाऱ्याला वाचाघात झाला तर कोणती भाषा आधी परत येते, हा प्रश्न जुना आहे. रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ साली म्हटले, आधी शिकलेली टिकते. पीत्र नावाच्या डॉक्टरने १८९५ साली म्हटले, जी रोजच्या वापरात असेल ती. तीन आठवड्यांनी नाना तुटक बोलू लागले ते मराठीत, आणि आकडे मात्र "बे, त्रण, चार". बत्तीस वर्षे नोटा गुजरातीत मोजल्या होत्या ना! रिबो आणि पीत्र दोघेही अर्धे अर्धे खरे ठरले. वाचोपचाराच्या बाई मात्र एकाच भाषेत शिकवतात, आणि ती मराठी नाही.

तरीही दोन भाषांचे धन खोटे नाही. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादेत मेंदूचा झटका येऊन गेलेल्या ६०८ रोग्यांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध केला. त्यात द्विभाषिकांपैकी शेकडा ४०.५ जणांची बुद्धी शाबूत राहिली होती, एकभाषिकांपैकी १९.६ जणांची. वाचाघाताचे प्रमाण मात्र दोघांत सारखेच. दोन भाषांमुळे झटका टळत नाही, जीभही वाचत नाही, पण विचार करायची ताकद तगून राहायला मदत होत असावी. सीमाभागात दोन भाषांची ओढाताण आपण शाप म्हणून मिरवतो. ती आपल्या मुलांच्या डोक्यातली ठेव आहे, हे आपल्याला सांगायला हैदराबादच्या डॉक्टरांना यावे लागले.

याच बडोद्यात १९३१ साली 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु' निघाला. राज्यकारभाराच्या शब्दांना आठ भाषांत पर्याय देणारा कोश. महाराजांनी आठ भाषा जुळवल्या. आम्हाला दोन भाषांत चार शब्द जुळवता येत नाहीत. इंग्रजीत झटक्याच्या खुणांचे एक आद्याक्षरी सूत्र आहे, ते आपल्याकडे इंग्रजीतच भिंतीवर चिकटवतात. आमच्या समोरच्या आजींना ते कसे वाचता येणार? मी साधे मांडून पाहिले: तोंड, हात, वाणी, वेळ. हसायला सांगा, तोंड एका बाजूला वाकडे होते का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतो का? एक वाक्य म्हणायला सांगा, वाणी अडखळते का? यांतले एक जरी दिसले, तरी धडधाकट कधी पाहिले ती वेळ कागदावर लिहा आणि १०८ फिरवा. गुजरातीत मोढुं, हाथ, वाणी, वखत. एका कार्डावर दोन्ही बसतात. छापायला कोश लागत नाही, अनुदान लागत नाही.

एक शेवटचा, अप्रिय मुद्दा. आपल्याकडे असे झाल्यावर घरची माणसे सेवा करतात, आणि ती सेवा थोर आहे यात शंका नाही. काकू दिवसातून चारदा नानांचा हात हलवून घेतात. पण या सेवेच्या जिवावर आपण फार विसंबतो. भारतातल्याच १४ रुग्णालयांत १२५० रोग्यांवर प्रयोग झाला, २०१७ साली प्रसिद्ध झाला: घरच्यांना व्यायाम आणि शुश्रूषेचे शिक्षण देऊन घरी पाठवले, तर रोगी अधिक सुधारतात का? सहा महिन्यांनी शिकवलेल्या घरांत आणि न शिकवलेल्या घरांत दगावलेल्यांचे आणि परावलंबी राहिलेल्यांचे एकूण प्रमाण सारखेच निघाले, शेकडा ४७. संशोधकांनी ते प्रामाणिकपणे छापले. चार वर्षांच्या सेवेने जे परत येत नाही, ते त्या पहिल्या चार तासांत हातात असते. "आम्ही त्यांचं सगळं केलं हो," असे आपण नंतर म्हणतो. सगळे केले, पहिले तेवढे केले नाही. यात मी आलो.

कार्डाचा मजकूर घेऊन मी आमच्या मराठी मंडळाच्या सभेला गेलो. सभा दोन तास चालली. कोजागरीच्या दुधात केशर किती घालायचे, नाट्यस्पर्धेला नाटक कोणते, शहरातल्या मराठी पाट्यांवर निवेदन कोणी लिहायचे. माझ्या कागदावर एका सभासदाने "यात लकवा शब्द कुठे आला नाही?" असे विचारले, दुसऱ्याने 'वखत' फारसी आहे याकडे लक्ष वेधले. चिटणीस सज्जन आहेत. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि दिवाळीनंतरच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेतो म्हणाले. परवा पत्रिका आली. विषय घेतला आहे, सातवा, 'आयत्या वेळचे विषय' याच्या आधी.